दोनशे बारा जणांना उपयुक्त वाटलं

माझ्या दोन भावांमध्ये मी मधली. थोरल्याच्या बायकोला मी वहिनी म्हणते आणि धाकट्याच्या बायकोला सगळं घर धाकटी म्हणतं, ती आता चाळिशीला टेकली तरी. हे जे सांगतेय ते वहिनीचं आहे. तिने मला ते तीन-चार वेळा सांगितलं आणि दर वेळी स्वतःची बाजू थोडी कमी घेतली. शेवटच्या वेळी सांगितलं ते मी खरं धरते.

वहिनी एका लिफ्टच्या कंपनीत एचआरला होती. कंपनी लिफ्ट बनवायची नाही, दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्टची देखभाल करायची. रुंद रस्त्याला लागून तीन मजली इमारत. एचआर वरच्या मजल्यावर, आणि वहिनीचं टेबल खिडकीपाशी. तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती, तिला कंट्रोल रूम म्हणत. शहरात कुठेही लिफ्टमध्ये माणूस अडकला आणि त्याने लाल बटण दाबलं की फोन त्या खोलीत वाजायचा.

बरीच वर्षं वहिनीचं काम साधं होतं. नव्या माणसांचे कागद, रजा, ओळखपत्रं, वाढदिवसाची कार्डं. मग एकदा मोठे साहेब एका इंजिनिअरची मुलाखत घेत असताना त्या इंजिनिअरने त्यांनाच तोंडावर विचारलं, की तुमची पसंती एक्केचाळीस टक्केच का? साहेबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळलं, की इंटरनेटवर एक साइट आहे, तिथे लोक नाव न देता आपापल्या कंपनीबद्दल लिहितात, एक ते पाच तारे देतात, आणि कंपनीच्या प्रमुखाच्या फोटोखाली त्याला किती टक्के लोक मानतात ते येतं. साहेबांचा फोटो हसरा होता आणि त्याखाली लाल अक्षरात एक्केचाळीस. त्या संध्याकाळी एचआरच्या खातेप्रमुखाला बोलावणं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातेप्रमुख वहिनीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

वहिनीने ते काम मनापासून केलं, हे ती लपवत नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जेवणानंतर गाठायचं, हे तिनेच शोधून काढलं. तेव्हा त्याच्या हातात नवी बॅग असते, पोट भरलेलं असतं आणि अजून कुणी त्याच्यावर ओरडलेलं नसतं. त्याला म्हणायचं, दोन ओळी लिही ना, तुझ्याच फोनवरून. ऑफिसच्या इंटरनेटवरून एकदम दहा अभिप्राय गेले तर साइटला संशय येतो, म्हणून बाकीचे घरी बसून लिहायला सांगायचे. बढती मिळालेल्याला बढतीच्या आठवड्यात गाठायचं. कुणी वाईट लिहिलं की तीन दिवसांत पाच चांगले चढवायचे, म्हणजे वाईट खाली ढकललं जातं आणि खाली कुणी जात नाही. सोडून जाणाऱ्याकडून एका कागदावर सही घ्यायची, की मी कंपनीबद्दल कुठेही वावगं बोलणार नाही. त्या कागदावर सही झाल्याशिवाय अनुभवाचा दाखला द्यायचा नाही.

आणि लोकांना लिहायला सुचत नाही म्हणून वहिनी स्वतःच लिहून द्यायची. कॉलेजात ती नियतकालिकाची संपादक होती. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या ट्रंकेत कपड्यांखाली त्या अंकांचा गठ्ठा होता, मी पाहिलाय. पुढे घर, मूल, नोकरी यात लिहिणं बाजूला पडलं ते पडलंच. आता वीस वर्षांनी ती रोज लिहू लागली. कधी ती चार वर्षं नोकरी केलेला मेकॅनिक व्हायची, तर कधी बाळंतपणाची रजा संपवून आलेली हिशेबनीस. सगळे पाच तारे दिले तर खोटं वाटतं, म्हणून दर तिसऱ्याला चार. साइटवर तोट्यांसाठी वेगळा रकाना असतो, तो रिकामा ठेवून चालत नाही. त्यात ती लिहायची, ‘काम इतकं आवडतं की घरी जायची वेळ लक्षात राहत नाही.’ हे तिने मला हसत हसत वाचून दाखवलं होतं. मीही हसले होते.

पाचेक वर्षांत तिचे असे एकशे चाळीस झाले. साहेबांची पसंती सत्तरीत आली. प्रत्येक अभिप्रायाखाली एक आकडा असतो, की हे वाचून किती जणांना उपयुक्त वाटलं. वहिनीच्या एकशे चाळीसांखाली मिळून तो आकडा अकरा होता. त्यातले चार खातेप्रमुखाचे.

आता धाकटीबद्दल. धाकटीला त्या कंपनीत वहिनीनेच चिकटवली. माझ्या धाकट्या भावाचं काम सुटलं होतं तेव्हा वहिनीने शब्द टाकला आणि धाकटी कंट्रोल रूममध्ये फोनवर बसली. पहिल्या दिवशी जेवणानंतर वहिनीने तिलाही गाठलं. धाकटी म्हणाली होती, “ताई, मी अजून खुर्चीतसुद्धा बसले नाही. काय लिहू?” वहिनी म्हणाली, वातावरण छान आहे असं लिही. तिने लिहिलं. पाच तारे.

धाकटीचा आवाज काही गोड वगैरे नाही. थोडा जाडसर आहे. पण ती बोलायला लागली की माणूस हातातलं काम ठेवून ऐकतो. अडकलेल्या माणसाशी ती मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायची. रविवारी आम्ही सगळे थोरल्याकडे जेवायला जमतो. दोन्ही भावांची घरं समोरासमोर, आणि आई थोरल्याकडे. तिथे ती सांगायची, आज एक आजोबा होते, त्यांनी मला सगळ्या नातवंडांची नावं वयानुसार सांगितली. आज एक नवरी होती, तिचा मेकअप घामाने उतरत होता आणि ती मला विचारत होती की काजळ आधी पुसू की लिपस्टिक. आई हसून हसून डोळे पुसायची. थोरला भाऊ, जो वहिनीच्या बोलण्यावर ‘हं’ एवढंच म्हणतो, तो विचारायचा, मग पुढे काय झालं?

वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात जायची. काही आणायचं नसलं तरी जायची. “आईंना मी वीस वर्षं सांभाळतेय,” ती मला एकदा ओट्यापाशी म्हणाली, “आणि त्या दाराकडे डोळे लावून बसतात ते हिच्यासाठी.” तिच्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. आणि ते तिला स्वतःला आवडत नव्हतं. धाकटी वाईट वागली असती तर सोपं झालं असतं. धाकटी उठून भांडी घासायला यायची.

धाकटीला कंपनीत पाचवं वर्ष लागलं तेव्हा कंट्रोल रूममधल्या सहा खुर्च्यांपैकी दोनच भरलेल्या उरल्या होत्या. बाकीची माणसं सोडून गेली, त्यांच्या जागी कुणी घेतलं नाही. मेकॅनिकही कमी केले. एका खुर्चीवर धाकटी, दुसऱ्या खुर्चीवर एक मिशाळ, मोठ्या आवाजाचे गृहस्थ, ज्यांना सगळे फौजदार म्हणत. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एका बैठकीत त्यांनी साहेबांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की खाली येऊन एकदा फोन उचला. साहेब खाली आले नाहीत.

एका सोमवारी वहिनीने सवयीप्रमाणे साइट उघडली, आणि सगळ्यात वर एक नवा अभिप्राय होता. दोन तारे. लिहिणाऱ्याची चार वर्षं नोकरी, एवढंच कळत होतं.

वहिनीला तो पाठ आहे. “अडकलेला माणूस दार ठोकत असतो,” असं त्यात सुरुवातीला होतं, “तेव्हा त्याला शांत व्हा म्हणायचं नसतं. त्याला नाव विचारायचं असतं. नाव सांगताना माणूस ठोकायचं थांबतो. मग सांगायचं, मेकॅनिक निघालाय. पूर्वी तो खरंच निघालेला असायचा. आता पुष्कळदा निघायला कुणीच नसतं. फोनवर बोलण्याचं काम मला आवडतं, पण हल्ली माझं खरं काम, ते वाक्य बोलताना आवाज हलू न देणं, हे झालंय. परवा एका बाईंनी एक तास दहा मिनिटांनी बाहेर पडल्यावर मला फोन करून आभार मानले. मला त्यांना माझं नाव सांगवलं नाही.” बस, एवढंच. साहेबांवर एक शब्द नाही.

‘नाव विचारायचं असतं’ हे वहिनीने जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. आणि तिच्या यादीतला एक पाच तारेवाला अभिप्राय त्याच दिवशी गायब झाला होता, कारण त्या साइटवर माणसाला एकच अभिप्राय ठेवता येतो. नवा लिहिला की जुना जातो. एकशे चाळीसचे एकशे एकोणचाळीस झाले होते. कुणी लिहिलंय याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

मी तिला विचारलं, राग आला का? ती म्हणाली, रागाचं नंतर. आधी मी तो अकरा वेळा वाचला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग परत वाचला. “मला एकही शब्द बदलता येत नव्हता,” ती म्हणाली. “हिने आयुष्यात किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आणि मी संपादक.”

आठवडाभरात त्याखाली दोनशे बारा आकडा दिसू लागला.

तिने नेहमीचे उपाय केले. पाच चांगले चढवले. या वेळी ते कंट्रोल रूममधल्याच कुणीतरी लिहिल्यासारखे हवे होते, म्हणून तिने धाकटीच्या बोलण्याची नक्कल केली: तसलीच छोटी वाक्यं, तसलाच एखादा आजोबा. खातेप्रमुख म्हणाला, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे हे. वहिनीला ते ऐकून आनंद झाला आणि मग इतकी शरम वाटली की तिने डबा न उघडताच घरी नेला. एवढं करूनही धाकटीचा अभिप्राय खाली गेला नाही, कारण लोक तो शोधून शोधून वाचत होते. नकली पाचांपैकी एकाखाली कुणीतरी लिहिलं, ‘हा माणूस कधी त्या खोलीत गेलेला दिसत नाही.’ कंपनीने साइटला पत्र लिहून धाकटीचा अभिप्राय काढायला सांगितला. साइटने नकार दिला; त्यात कुणाचं नाव नव्हतं, शिवी नव्हती, गुपित नव्हतं.

मग साहेबांना नाव हवं झालं. चार वर्षांहून जास्त त्या खोलीत राहिलेली माणसं दोनच. खातेप्रमुखाने विचारच केला नाही. बैठकीत सुनावणारे फौजदार, म्हणजे लिहिणारेही तेच. दुपारी तीनच्या सुमारास तो वहिनीकडे आला आणि त्यांना काढून टाकण्याचं पत्र तयार करायला सांगितलं. वहिनीने संगणकावर पत्राचा नमुना उघडला, त्यात फौजदारांचं नाव घातलं, आणि तिचा हात थांबला.

“हे फौजदारांनी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “त्यांना इतकं चांगलं लिहिताच येणार नाही.”

खातेप्रमुखाने विचारलं, मग कुणाला येईल? वहिनीने नाव घेतलं नाही. पण दोनातून एक वजा करायला कितीसा वेळ लागतो? तो तिथूनच जिना उतरून खाली गेला.

हा भाग ती दर वेळी वेगळा सांगायची. पहिल्यांदा म्हणाली, एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी वाचवली मी. दुसऱ्यांदा म्हणाली, तोंडून निघून गेलं. शेवटच्या वेळी म्हणाली, “त्या पत्रावर फौजदारांचं नाव पाहिलं आणि मला वाटलं, आता हे लिखाण त्यांचं म्हणून ओळखलं जाणार. ते मला सहन होईना. आणि तिचं म्हणून ओळखलं जावं हेही सहन होत नव्हतं. मी काय करत होते ते मला कळत होतं, आणि मी बोलले.”

धाकटीने आढेवेढे घेतले नाहीत. हो, मी लिहिलं, म्हणाली. काढून टाक म्हणाले, तर नाही म्हणाली. निदान साइटवर साहेब पसंत आहेत का असं विचारतात तिथे तरी हो लिही, असं खातेप्रमुखाने समजावलं. त्यावर ती म्हणाली, साहेबांना मी ओळखतच नाही, चार वर्षांत एकदाही ते खाली आले नाहीत. तिला फोनवरून उठवून जुन्या बिलांच्या कपाटांपाशी बसवलं. नवव्या दिवशी तिने राजीनामा दिला.

राजीनाम्याचे कागद वहिनीच्याच टेबलावर यायचे. समोरच्या खुर्चीत धाकटी येऊन बसली. वावगं न बोलण्याचा कागद तिने पूर्ण वाचला, जो सहसा कुणी वाचत नाही.

“ही भाषा तुमची ना, ताई?”

“हो.”

“छान आहे.” तिने तो सही न करता परत सरकवला. “त्यांना कसं कळलं?”

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणते, खोटं बोलायची मला सवय होती, पण लिहून. समोर बसून नव्हती. तिने सांगितलं, की ते फौजदारांना काढत होते आणि मी म्हटलं त्यांना इतकं चांगलं लिहिता येणार नाही.

धाकटी म्हणाली, “म्हणजे तुम्हाला ते चांगलं वाटलं.”

“हो.”

“आणि म्हणून सांगितलंत.”

धाकटी दाखला न घेताच उठून गेली.

त्यानंतर सात महिने धाकटी तिच्याशी बोलली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. रविवारी यायची, आईशी बोलायची, थोरल्याशी, माझ्याशी, पोरांशी बोलायची, भांडीही घासायची. वहिनीशी मात्र, मीठ कुठे आहे, एवढंच. घरात बाकी कुणाला कारण माहीत नव्हतं. धाकटीने कुणाला सांगितलं नाही, वहिनीने फक्त मला. आई म्हणायची, तुम्हा दोघींचं काय बिनसलंय? दोघी म्हणायच्या, कुठे काय.

एकदा गच्चीत कपडे काढताना वहिनी मला म्हणाली, “लिफ्टमध्ये अडकलेल्या कुठल्याही परक्या माणसाला ती जे द्यायची, ते मला मिळत नाही. मला त्या लोकांचासुद्धा हेवा वाटतो.” मी चिमटे गोळा केले.

धाकटीला लवकरच अग्निशमन दलाच्या फोनवर नोकरी लागली. तिथे दाखला मागितला नाही, फोन हातात देऊन बोलायला सांगितलं. इकडे साहेबांची पसंती त्र्याऐंशीवर पोचली. चांगली कंपनी म्हणून कुठलंसं प्रमाणपत्र मिळालं, ते फ्रेम करून दाराशी लावलं, आणि भाषणात खातेप्रमुखाने संघभावनेचा उल्लेख केला. वहिनीचा नाही. तिला तेही लागलं.

मग साइटने साफसफाई केली. कुठल्याही दिवशी सकाळी उठून करावी तशी, न सांगता. कंपनीचे दीडशेच्या वर अभिप्राय एका दिवसात गेले आणि पानावर लाल पट्टी आली, की या कंपनीने अभिप्रायांत ढवळाढवळ केल्याचं आढळलं आहे. साहेबांच्या फोटोखाली सदतीस. साहेब म्हणाले, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. खातेप्रमुख म्हणाला, आमच्या मॅडमचा उत्साह जरा जास्त झाला. दुपारपर्यंत वहिनीची बदली सुट्या भागांच्या स्टोअरला झाली. तिथे लिफ्टची बटणं, दारांचे रबर, दोरांची भेंडोळी. तिने नोकरी सोडली नाही. सोडून जाऊ कुठे, म्हणाली, आणि मीच लिहिलेल्या त्या वावगं न बोलण्याच्या कागदावर सही कशी करू?

पानावर जे थोडे उरले त्यांत सगळ्यात वर धाकटीचा होता. आकडा सहाशेच्या पुढे गेला होता. “माझं एक राहिलं नाही,” वहिनी म्हणाली, “आणि तिचं एकच आहे, ते तिथेच.”

त्या रविवारी जेवणं झाल्यावर भांडी पुसता पुसता धाकटी वळली आणि म्हणाली, “ताई, स्टोअरला खिडकी आहे का?”

“आहे. छोटी आहे.”

“मग बरं.”

वहिनीने हे मला दुसऱ्या दिवशी फोन करून शब्दन् शब्द सांगितलं. सात महिन्यांनी मिळालेले ते सहा-सात शब्द तिने इतके वळवून वळवून सांगितले, की मला हसू आलं.

पुढे हळूहळू बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं नाही, पण झालं. गेल्या महिन्यात धाकटीला तिथल्या फोनखोलीची प्रमुख व्हायची संधी आली. त्यासाठी एक पानभर अर्ज लिहायचा होता, की हे काम तुम्ही कसं करता. तिने तो लिहिला आणि वहिनीकडे घेऊन आली. तुम्ही नजर टाका, म्हणाली, तुम्हाला कळतं यातलं.

वहिनी पेन घेऊन बसली. शुद्धलेखन सुधारलं, एक लांब वाक्य तोडलं. मधे एक वाक्य होतं, आगीतून फोन करणारा माणूस पत्ता सांगताना आधी घराचा रंग सांगतो, असं. वहिनीने ते खोडलं. का, तर अर्जात असं शोभत नाही. ती पाच मिनिटं त्या खोडलेल्या ओळीकडे बघत बसली, मग समासात ते पुन्हा लिहिलं, जसंच्या तसं.

धाकटी प्रमुख झाली. आईने शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून सांगितलं, थोरल्याने चक्क टाळ्या वाजवल्या. वहिनीने तिला जवळ घेतलं, छान झालं गं म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटत होतं. मग डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडली. मी थोड्या वेळाने बघायला गेले तर टक्क जागी होती.

“झोप ना जरा,” मी म्हटलं.

“झोपते,” ती म्हणाली. “दार लोटून घे. तिचा आवाज येतोय.”